तारीख बदलली की ती लायब्ररीपर्यंत, रेक्टरपर्यंत आणि गेटवरच्या मामांपर्यंत कशी पोचवता?

खिडकी_क्रमांक_तीन

नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे, अकरा वर्षं झाली. परीक्षा फॉर्म, स्कॉलरशिप आणि बोनाफाईड ही माझी खिडकी. इथं कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांतले बरेच जण आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. जरा लांबण लागेल, पण झालेलं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या सत्रात परीक्षा फॉर्मची मुदत गुरुवारपर्यंत होती. बुधवारी मुदतवाढीचं परिपत्रक आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, मुदतवाढ फक्त प्रथम वर्षाला. रिपीटरना आणि वरच्या वर्गांना जुनीच तारीख. कागदात काही चूक नव्हती. चूक झाली ती आमच्या कॉलेजात, आतल्या आत.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगी खिडकीवर आली. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाची, चौथ्या सेमिस्टरचा एक विषय राहिलेला. गगनबावड्याच्या बाजूची, पहाटेच्या एसटीनं आलेली. फॉर्म भरायला आले म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझी मुदत गुरुवारीच संपली." तिनं काही न बोलता मोबाईल काचेला लावला. परिपत्रकाचा फोटो होता, पण अर्धाच. "मुदतवाढ देण्यात येत आहे" इथपर्यंत दिसत होतं आणि तिथंच फोटो कापलेला. "फक्त प्रथम वर्षासाठी" ही ओळ त्याच्या खाली होती, ती कापण्यात गेली. फोटो तिला मैत्रिणीनं पाठवलेला. तेवढ्यावर ती थांबली नव्हती, गुरुवारी लायब्ररीच्या काउंटरवर विचारून खात्रीही करून घेतली होती. "लायब्ररीतल्या मॅडमनी सांगितलं ओ, मुदत वाढलीय, सोमवारी ये म्हणून." लायब्ररीतल्या मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्याही मोबाईलवर तोच अर्धा फोटो आला होता.

फॉर्म विलंब शुल्कासह भरता आला. पण तिनं आणलेले पैसे नेमके फॉर्मपुरतेच होते. आधारकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घालून ठेवलेल्या नोटा तिनं दोनदा मोजल्या. वरचे पैसे आम्ही ऑफिसातल्या चौघांनी घातले. ती घेत नव्हती, पुढच्या महिन्यात परत देते असं तीन वेळा म्हणाली. मला त्या दिवशी डबा गेला नाही. तिनं विचारायचं तिथं विचारलं होतं, वेळेत विचारलं होतं, कॉलेजच्याच माणसाला विचारलं होतं. आणखी काय करायचं होतं तिनं?

त्यानंतर मी एक केलं. खिडकीवर येऊन कुणी चुकीची तारीख सांगितली की मी रागावायचं सोडून विचारायला लागले, "तुला हे कुणी सांगितलं?" आणि मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवायला लागले. वर्गशिक्षक, एन.एस.एस.चे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) सर, जिमखान्याचे शिपाई, वसतिगृहाच्या रेक्टर, गेटवरचे मामा. आणि सगळ्यांत जास्त वेळा कोण, तर गेटासमोरचे झेरॉक्सवाले दादा. ऑफिसचं नाव फार थोड्या वेळा आलं. मुलं आमच्याकडं शेवटी येतात. त्याआधी जो कुणी ओळखीचा, हसून बोलणारा माणूस दिसेल त्याला विचारतात. आणि आमची परिपत्रकं त्याच माणसांपर्यंत पोचत नाहीत.

आमच्याकडे काय काय चालतं तेही सांगते. नोटीस वही आहे, शिपाई ती स्टाफरूममध्ये फिरवतात, सह्या होतात. पण ती कायम शिक्षकांपुरती. तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम, लायब्ररी, वसतिगृह यांचा तिच्यात रकानाच नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात वाढदिवस, गणपतीचे फोटो, श्रद्धांजल्या आणि मधेच एखादं महत्त्वाचं परिपत्रक, तेही पीडीएफ. ते उघडून दुसऱ्या पानापर्यंत जाणारे किती? ईमेल प्राचार्यांच्या खात्यावर येतो, तो माझ्यापर्यंत उतरायला कधी कधी दोन दिवस लागतात.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. ज्याला ज्याला विद्यार्थी विचारू शकतो अशा प्रत्येक कर्मचाऱ्यापर्यंत बरोबर तारीख जायला हवी. आणि त्याहून अवघड म्हणजे, जुनी तारीख डोक्यातून, फळ्यावरून, मोबाईलवरून काढायची कशी? नवी तारीख पोचते हो, पण जुनी मरत नाही. तुमच्याकडे कुणी हे मार्गी लावलंय का?

---

निवृत्त_कार्यालय_अधीक्षक

ताई, आधी त्या मुलीचे पैसे भरलेत त्याबद्दल तुम्हा चौघांना नमस्कार.

माझी नोकरी आवक-जावकपासून सुरू झाली आणि अधीक्षक म्हणून संपली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात नाही, पुरात सापडलं.

पावसाळ्यात आपल्याकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कुणालाही विचारा. रिक्षावाला सांगतो, भाजीवाली सांगते, शाळेतलं पोर सांगतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कुणी पाठ करून घेतलेलं नाही. २०१९ ला आणि २०२१ ला हायवेवर पाणी आलं तेव्हा आख्खा जिल्हा त्या एका आकड्यावर हालत होता. एवढ्या लोकांपर्यंत एकच आकडा बरोबर कसा पोचतो? मोजायची जागा एकच, आणि प्रत्येक निरोपावर वेळ लिहिलेली. "सकाळी ८ वाजता अमुक फूट." दुपारी दुसरा निरोप आला की सकाळचा आपोआप शिळा होतो. शिळा आहे हे वाचणाऱ्याला वेळेवरूनच कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

आपल्या नोटिशीवर मात्र काय असतं? जावक क्रमांक आणि दिनांक, तोही वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. फोटो काढताना पहिल्यांदा तोच कापला जातो.

मी अधीक्षक झाल्यावर ऑफिसच्या दारात एक फळा लावला. ढीगभर नोटिसांचा नव्हे, फक्त चालू तारखांचा. ओळीची सुरुवात तारखेनं करायची नाही, कुणासाठी आहे त्यानं करायची. "बी.कॉम. भाग ३ रिपीटर:" आणि मग तारीख. तुमच्या प्रसंगात "प्रथम वर्ष:" हे शब्द ओळीच्या तोंडाशी असते तर फोटो कसाही कापला तरी घोटाळा झाला नसता. ओळीच्या शेवटी लिहिणाऱ्याची सही आणि वेळ.

जुनी तारीख पुसायची नाही, हा माझा नियम होता. लोकांना नवल वाटायचं. पुसली तर ज्या पोरानं काल ती वाचली त्याला ती गेल्याचं कळतच नाही, त्याला वाटतं आपण दुसऱ्या फळ्यावर बघितली. तिच्यावर लाल खडूनं आडवी रेघ मारायची, बाजूला "रद्द" लिहायचं, आणि नवी ओळ लगेच खाली. तीन दिवस दोन्ही राहू द्यायच्या. चौथ्या दिवशी पुसायचं.

आणि फळा लिहिण्याचं काम एकाच माणसाचं. तो रजेवर असेल तेव्हा कुणी लिहायचं ते नाव आधीच ठरलेलं पाहिजे. "ज्याला वेळ असेल त्यानं लिहा" म्हटलं की कुणालाच वेळ नसतो.

---

तासिकेवरचा_मास्तर

मी सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत. ताईंनी आमचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आम्हाला नोटीस वही येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी ग्रुपमध्येही घेत नाहीत, कारण आम्ही दर वर्षी नवे. पण वर्गात सगळ्यांत जास्त तास आमचेच असतात आणि पोरंही मोकळेपणानं आम्हालाच विचारतात.

एक प्रसंग सांगतो. परीक्षेला सुपरव्हिजन होतं, तीन तासांचा पेपर. कोपऱ्यात एक अल्पदृष्टी विद्यार्थी, शेजारी त्याचा लेखनिक. घंटा झाली, मी सवयीनं पेपर गोळा करत त्याच्यापर्यंत गेलो आणि उत्तरपत्रिकेला हात घातला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मला अजून एक तास आहे." दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, हा केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतला नियम. तीन तासांना एक तास. मला माहीत नव्हता. परीक्षा विभागाला माहीत होता, त्याची परवानगीही आधीच झालेली होती, फक्त त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या त्या खोलीत, उभं राहणाऱ्या माणसाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी हात मागे घेतला, पण तोवर त्याची लय तुटली होती. लेखनिकाला तो मागचं वाक्य पुन्हा सांगत होता, आणि ते त्याला सापडेना.

तो लाजरा असता आणि काही बोलला नसता, तर मी त्याचा एक तास घेऊन गेलो असतो. हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. नियम ज्या कागदासोबत माणसाच्या हातात जातो त्याच कागदावर लिहा. त्या ब्लॉकच्या हजेरीपत्रकावर त्या आसन क्रमांकापुढं "जादा वेळ १ तास" असं असतं तर मला परिपत्रक वाचलेलं असायची गरजच नव्हती. वर्षाच्या सुरुवातीला पन्नास पानी माहितीपुस्तिका देण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं.

---

नवा_लिपिक

गूगल कॅलेंडर शेअर करा ना सगळ्यांना. फुकट आहे, तारीख बदलली की सगळ्यांकडं बदलते, जुनी राहतच नाही.

---

खिडकी_क्रमांक_तीन

@नवा_लिपिक, चांगलं आहे, आणि ऑफिसातल्या आम्हा सहा जणांसाठी ते सुरू करणार आहे. पण आमच्या गेटवरच्या मामांचा फोन बटणांचा आहे, आणि जिमखान्याचे शिपाई दिवसभर मैदानावर असतात. मुलं त्यांना विचारतात, म्हणून त्यांच्यापर्यंत जाईल असंही काहीतरी पाहिजे.

@तासिकेवरचा_मास्तर, सर, हजेरीपत्रकाचं मी उद्याच परीक्षा विभागात बोलते.

---

रेक्टर_मुलींचं_वसतिगृह

ऑफिसच्या खिडक्या साडेपाचला बंद होतात आणि माझ्याकडं प्रश्न सुरू होतात रात्री साडेआठला, जेवणं झाल्यावर. शाहू महाराजांनी या गावात बोर्डिंगं काढली तेव्हापासून बाहेरगावची पोरं इथं कुणाच्या तरी भरवशावर शिकतात. माझ्या मुली आजऱ्याच्या, चंदगडच्या, शाहूवाडीच्या. घरी कॉलेज शिकलेलं कुणी नाही अशा पुष्कळ जणी. त्यांच्यासाठी रेक्टर म्हणजेच कॉलेज.

जास्त प्रश्न महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे. फॉर्म भरला, कॉलेजनं मंजूर केला, मैत्रिणीचे पैसे आले, माझे का नाहीत? खूपदा कारण एवढंच असतं की पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं मुलीनं फॉर्मच्या वेळी दाखवलेल्या पासबुकाचं नसतं. गावातल्या दुसऱ्या बँकेत कधीतरी आधार जोडलेलं असतं. हे मला तीन वर्षांनी कळलं, तेही एका मुलीमुळं. तिनं स्वतः बँकेत जाऊन शोधून काढलं. ऑफिसला आधीपासून माहीत होतं. मला कुणी सांगितलं असतं तर त्या तीन वर्षांत कितीतरी मुलींच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

आता मी स्वतःलाच एक शिस्त लावली आहे. "बहुतेक" हा शब्द वापरत नाही. पक्कं माहीत असेल तर सांगते, नसेल तर वहीत मुलीचं नाव आणि प्रश्न लिहून घेते आणि सकाळी दहाला ऑफिसला फोन करते. संध्याकाळी उत्तर तिला मीच देते, तिला तास बुडवून खिडकीवर उभं राहायला लावत नाही. मुलींना "माहीत नाही, उद्या सांगते" चालतं. "बहुतेक वीस तारीख आहे" याचं मात्र त्यांच्या डोक्यात "वीस तारीख" होतं.

एक कळकळीची विनंती. ग्रुपवर याद्या टाकू नका. कोणाची स्कॉलरशिप अडली, कोणाचा जातीचा दाखला आला नाही, कोणाची फी राहिली, अशी नावानिशी यादी मी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपमधून विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये गेलेली पाहिली आहे. एक मुलगी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तारीख सगळ्यांना सांगा, नाव फक्त ज्याचं त्याला.

---

कॅश_काउंटर

तारखांइतकाच गोंधळ शासन निर्णयांचा होतो. ८ जुलै २०२४ चा जी.आर. आठवतो का? आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं माफ होतं. निर्णय फार चांगला, पण आला ऐन प्रवेशाच्या गर्दीत. पालक पेपरचं कात्रण घेऊन रांगेत, आणि माझ्या हातात तोवर कागद नाही. माझ्या शेजारच्या खिडकीत एक सांगितलं जायचं आणि माझ्या खिडकीत दुसरं. साध्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलींचे वडीलही आशेनं यायचे. त्यांना "हे व्यावसायिक कोर्सला आहे" म्हणून सांगताना जीभ अडखळायची.

त्यातून एक शिकलो. बातमी आधी येते आणि आदेश मागून येतो. त्या मधल्या दिवसांत गप्प बसायचं नाही. सगळ्या खिडक्यांवर एकच वाक्य लावायचं: "अमुक निर्णयाची बातमी आली आहे, लेखी आदेश अजून मिळालेला नाही, मिळाल्यावर याच जागी लावू." काहीच लावलं नाही की प्रत्येक जण आपल्या मनानं उत्तर देतो.

---

सांस्कृतिक_विभाग

घाईत लिहितेय. आमचं उलटं दुखणं. जिल्हा युवा महोत्सवाला लोकनृत्याची टीम घेऊन गेलो, प्राचार्यांची लेखी परवानगी होती, आणि त्याच दिवशी एका विषयाची अंतर्गत चाचणी झाली. पोरं गैरहजर, गुण शून्य. पुन्हा चाचणी घ्यायला सर लगेच तयार झाले. त्यांना माहीतच नव्हतं, एवढंच. आता टीम ठरली की मी नावं आणि तारखा त्या त्या विषयशिक्षकाला स्वतः भेटून देते. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, कागदावर. ज्याचा तास बुडणार त्याला आधी कळलं पाहिजे.

---

खिडकी_क्रमांक_तीन

पाच आठवड्यांनी परत लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत, त्याचं काय झालं हे कळवणं माझं काम आहे.

अधीक्षक साहेबांचा फळा लावला. ऑफिसच्या दारात नाही, मस्टरच्या शेजारी, कारण सही करायला प्रत्येक कर्मचारी तिथं येतोच, तासिकेवरचे सुद्धा. ओळीची सुरुवात "कुणासाठी" यानं. लाल रेघेचं पहिल्या आठवड्यात प्राचार्यांना पटलं नव्हतं, फळा घाण दिसतो म्हणाले. मग शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची आमची आतली तारीख बदलली आणि दुसऱ्याच दिवशी एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, लाल झालंय ते बघून आलो." ते त्यांना सांगितलं. परत काही बोलले नाहीत.

फळ्यावर जे असतं तेच दर सोमवारी एका अर्ध्या कागदावर छापून सात ठिकाणी देते: लायब्ररी, मुलींचं वसतिगृह, मुलांचं वसतिगृह, जिमखाना, एन.एस.एस., गेट आणि झेरॉक्सवाले दादा. मधेच काही बदललं तर नवा कागद, आणि जुना परत घेऊनच नवा द्यायचा. दादांना देण्यावर ऑफिसात थोडी कुरकुर झाली, ते काय आपले कर्मचारी आहेत का म्हणून. मी वही दाखवली. त्यांनी कागद लॅमिनेशन करून मशिनच्या वर लावला आणि तिसऱ्याच दिवशी फोन केला, "ताई, यातली एक तारीख रविवारी येत्येय, बघा की." खरंच येत होती. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

लेखनिकवाल्या ब्लॉकच्या हजेरीपत्रकावर जादा वेळेचा शिक्का या परीक्षेपासून सुरू होतोय. परीक्षा विभागानं शिक्का बनवूनही घेतला.

न जमलेलं पण सांगते. शनिवारी मी अर्धी रजा घेतली आणि फळा तसाच राहिला. बदली नाव ठरवलं होतं, पण त्यांना त्या दिवशी दुसऱ्या कामाला पाठवलेलं. तीन मुलं चुकीच्या दिवशी आली. तिघांनाही मी स्वतः खाली जाऊन भेटले. साहेब, तुमच्याकडे बदली माणसाचीही बदली ठरवलेली असायची का? आणि तुमच्या फळ्याचा एखादा फोटो असेल तर टाका, रकाने कसे आखले होते ते बघायचंय.

लायब्ररीतल्या मॅडम परवा आल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांना वाईट वाटत होतं, ते बोलल्या. ती मुलगीही आली होती, हॉल तिकीट घ्यायला. पैसे घेऊन आली होती. आम्ही घेतले नाहीत, तर तिनं गावाकडचा फणस आणून टेबलावर ठेवला.

आत्ता रिव्हॅल्युएशनची तारीख आली आहे. फळ्यावर लिहून येते.